आजोबांची पुडी नातवाच्या हातात द्यायची का? वय तपासण्याबद्दल एका दुकानदाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातल्या एका गावात वडिलांचं किराणा दुकान आता मुलगा चालवतो. दुकानात सिगारेट, विडी, तंबाखूच्या पुड्या असतात. जवळ शाळा आहे, ज्युनिअर कॉलेज आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. चेहऱ्यावरून वय कळत नाही आणि आधार मागितलं की पोरं हसतात किंवा अंगावर येतात, मग तपासायचं कसं? शेजारचा सहावीतला मुलगा रोज आजोबांची तंबाखू न्यायला येतो, त्याला नाही कसं म्हणायचं? आणि मी नाही म्हटलं तरी पुढच्या टपरीवर मिळणारच, मग उपयोग काय?

उत्तर देण्याआधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी सोळा वर्षं शाळांमध्ये, दुकानदारांबरोबर आणि व्यसन सोडू पाहणाऱ्या माणसांबरोबर काम करते आहे. माझी आजी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. ती घरी आली की लुगड्यातून खकाणा उठायचा आणि आम्ही मुलं शिंकत सुटायचो. आमच्या भागात या पिकावर पोरांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. त्यामुळे तंबाखू विकणाऱ्या माणसाकडे मी गुन्हेगार म्हणून बघत नाही आणि तुम्हाला भीती घालायलाही बसलेली नाही.

सगळ्यात आधी अंतर मोजा. शाळा-कॉलेज "जवळ" आहे असं तुम्ही लिहिलंय, पण किती जवळ? २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं, म्हणजे ज्याला सगळे कोटपा म्हणतात त्याचं, कलम ६ दोन गोष्टी सांगतं. अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या कोणालाही तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकायचा नाही. आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तो कोणालाच विकायचा नाही, गिऱ्हाईक सत्तर वर्षांचं असलं तरी. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. हे अंतर रस्त्याने चालत मोजायचं नसतं. संस्थेच्या कंपाउंडच्या भिंतीपासून सरळ रेषेत, चारी बाजूंना वर्तुळ काढल्यासारखं मोजायचं असतं. इथे पुष्कळ दुकानदारांची गफलत होते. गेटापासून वळसा घालून दुकान अडीचशे पावलांवर असतं, पण मैदानाची मागची भिंत दुकानाच्या मागच्या बोळातच आलेली असते. मोबाईलच्या नकाशात सरळ अंतर मोजता येतं. आजच मोजून बघा. दुकान त्या वर्तुळात येत असेल तर वय तपासण्याचा प्रश्नच उरत नाही, तंबाखूचा माल दुकानातून काढावाच लागेल. तसंच गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून आणि ई-सिगारेट देशभर २०१९ पासून बंद आहे. तिथेही वयाचा संबंध नाही, ते कोणालाच विकायचं नाही.

दुकान वर्तुळाबाहेर आहे असं धरून पुढे जाते.

कलम ६ मोडल्याचा दंड २०० रुपयांपर्यंत आहे. एवढ्या रकमेला कोण भिणार, असं मला दुकानदार तोंडावर सांगतात आणि त्यांचं खरंही आहे. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७७ आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दारू आणि तंबाखू तिथे एकाच ओळीत बसवली आहे. तुम्ही सहावीतल्या मुलाच्या हातात देशीची बाटली कधीच दिली नसती, त्याच्या आजोबांनी पाठवलं असतं तरी. पुडी मात्र देतो. कायद्याने दोन्हीत फरक केलेला नाही, फरक आपल्या सवयीने केलाय.

आणखी एक गोष्ट दुकानदारांना सहसा कोणी सांगत नाही. घेणारा सज्ञान होता हे दाखवायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. "मला काय माहीत त्याचं वय" हे उत्तर चालत नाही. शंका आली तर वयाचा पुरावा मागायचा अधिकार नियमांनीच तुम्हाला दिला आहे. म्हणजे आधार मागताना तुम्ही कोणाचा अपमान करत नसता, आपलं काम करत असता.

आता चेहऱ्याचं. चेहऱ्यावरून अठरा ओळखायचा प्रयत्नच सोडून द्या. मलाही ते जमत नाही, आणि माझं अर्धं आयुष्य शाळा-कॉलेजात गेलंय. सोळाव्या वर्षी दाढी आलेली असते, बाविसाव्या वर्षीही कोणी कोवळा दिसतो. ब्रिटनमधल्या दुकानांत यावर एक साधी पद्धत रुळली आहे, तिला "चॅलेंज २५" म्हणतात. तिथे कायद्याचं वय अठराच आहे, पण पंचविशीच्या आतला वाटेल त्या प्रत्येकाला ओळखपत्र विचारायचं. अमेरिकेत वय २१ आहे आणि तिथल्या दुकानदाराला तिशीच्या आतल्या दिसणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड बघावंच लागतं. यामागचं कारण समजून घ्या. तुम्ही अठराच्या आसपासचेच चेहरे हेरत बसलात तर प्रत्येक वेळी निवाडा करावा लागतो, आणि ज्याला विचारलं त्याला वाटतं की माझ्यावरच का संशय? रेषा पंचविशीला नेली की चुकायला सात वर्षांची जागा मिळते आणि विचारणं हा दुकानाचा रिवाज होऊन जातो. पहिल्या आठवड्यात तेवीस वर्षांच्या चार पोरांना विचारा. गावात बातमी आपोआप पसरते की हा सगळ्यांनाच विचारतो.

तरी आपल्या गावातल्या दुकानदाराकडे एक गोष्ट आहे, जी लंडनच्या दुकानदाराकडे नसते. तुम्ही माणसं ओळखता. कोणाचा मुलगा, कोणाच्या पाठीवरचा, कोणाच्या लग्नात पाळण्यात होता, हे तुम्हाला ठाऊक असतं. अनोळखी मुलासाठी सुद्धा माझा पहिला प्रश्न आधारचा नसतो. "कितवीला आहेस रे?" एवढंच विचारा. जन्मतारीख खोटी सांगायची तयारी करून पोरं येतात, पण इयत्ता विचारली की उत्तर चटकन खरं निघतं. आपल्याकडे मूल सहाव्या वर्षी पहिलीत बसतं, म्हणजे दहावीला पंधरा-सोळाचं आणि अकरावी-बारावीला सोळा-सतराचं. बारावीच्या शेवटी काही जण अठराचे होतात, पण कोण झालं नि कोण नाही हे तुम्ही गल्ल्यावर बसून ठरवत बसू नका. ज्युनिअर कॉलेजच्या मुलाला द्यायचंच नाही, एवढा नियम तुमच्या दुकानापुरता करून टाका. तुमच्या पहिल्या प्रश्नाचा बराचसा भाग इथेच सुटतो.

कार्ड बघायची वेळ आलीच तर कोणतं बघायचं हेही माहीत असू द्या. मतदार ओळखपत्र चांगलं, कारण ते अठरा झाल्याशिवाय मिळत नाही. आधारवर जन्मतारीख असते, पण काही जुन्या कार्डांवर फक्त जन्मवर्ष छापलेलं आहे. तसं असेल तर ते वर्ष अधिक अठरा जे येईल ते साल पूर्ण संपल्यावरच तो नक्की अठराचा धरा. ड्रायव्हिंग लायसन्स बघून फसू नका. बिनगिअरच्या छोट्या गाडीचं लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं, म्हणून लायसन्स आहे एवढ्यावर न थांबता त्यावरची तारीख वाचा. पॅन कार्ड अल्पवयीन मुलांच्या नावानेही निघतं. कॉलेजच्या ओळखपत्रावर तारीख असेलच असं नाही, आणि असली तरी मी ते ग्राह्य धरणार नाही. मोबाईलमध्ये काढून ठेवलेला आधारचा फोटो तर अजिबात नको. त्यातला आकडा बदलायला पोरांना पाच मिनिटं लागतात. डिजिलॉकर किंवा आधारचं ॲप समोर उघडून दाखवत असेल तर चालेल. आणि कार्ड फक्त बघायचं. त्याचा फोटो काढून ठेवणं, नंबर वहीत लिहिणं असलं काही करू नका. तुम्हाला जन्मतारखेपलीकडे काही लागत नाही.

गर्दीच्या वेळी डोक्यात वजाबाकी होत नाही, माझीही होत नाही. त्यासाठी गल्ल्याच्या आतल्या बाजूला एक छोटी पाटी ठेवा आणि रोज सकाळी दुकान उघडताना त्यावर अठरा वर्षांपूर्वीची आजची तारीख लिहा. समजा १० जून २०२६ आहे, तर पाटीवर १० जून २००८. कार्डावरची तारीख तीच किंवा त्याआधीची असेल तर मिळेल, नंतरची असेल तर नाही. कामावरचा माणूस फारसा शिकलेला नसला तरी त्याला हे जमतं.

गिऱ्हाइकाला दिसेल अशी दुसरी पाटी लावणं तर बंधनकारकच आहे. किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, मराठीत, अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणं हा दंडनीय गुन्हा आहे अशा मजकुराची, सोबत आरोग्याच्या इशाऱ्याचं चित्र. बऱ्याच दुकानांत ती कॅलेंडरच्या मागे किंवा चिप्सच्या माळांच्या आड गेलेली असते. ती नजरेसमोर आणा, कारण भांडणात ती तुमच्या बाजूने उभी राहते. "मी नाही म्हणत, पाटी म्हणते" असं बोट दाखवून सांगणं किती सोपं जातं, हे एकदा करून बघितल्याशिवाय पटत नाही. समोरच्याचा राग माणसावरून पाटीवर जातो आणि उद्या तो साखर घ्यायला तुमच्याकडेच येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तिन्हींत हाच मोठा आहे आणि गेली कित्येक वर्षं याच प्रश्नाने माझी झोप घालवली आहे.

कॉलेजचा मुलगा चोरून सिगारेट घेतो ते आपल्याला दिसतं आणि खटकतं. सहावीतला मुलगा सगळ्यांसमोर, भर दुपारी, आजोबांनी दिलेले पैसे मुठीत धरून येतो आणि पुडी नेतो, ते कोणाला दिसतसुद्धा नाही. आज्ञाधारक पोरगं म्हणून उलट त्याचं कौतुक होतं. आजोबांची तंबाखू, आजीची मिशेरी, बापाची विडी, मामाचा मावा. आमच्या भागातली निम्मी मुलं तंबाखूच्या पुडीला पहिल्यांदा हात लावतात ते असं मोठ्यांच्या कामासाठी, असं माझं अनुभवाअंती ठाम मत झालं आहे. मिशेरीत तंबाखू असते हे कित्येक घरांत लक्षातही येत नाही. कायद्याच्या यादीत तंबाखू असलेलं दंतमंजनही आहे, तेव्हा आजीसाठी नातीच्या हातात मिशेरीची पुडी देणं हेही त्याच कलमाखाली येतं.

व्यसन सोडायला आलेल्या माणसांना मी नेहमी विचारते की पहिल्यांदा कधी घेतली. एकाने सांगितलेलं मी विसरू शकत नाही. वय पस्तीसच्या आसपास, तोंड इतकं कमी उघडायचं की दोन बोटं जेमतेम जायची. म्हणाला, "आजोबांची पुडी आणायचो. येताना वाटेत थोडी फाडून चिमूटभर घ्यायचो, मग परत दुमडून द्यायचो. आजोबांना दिसायचं कमी, ते अंदाजाने मळायचे." तेव्हा तो सातवीत होता. दुकानदार रोज त्याच्या हातात पुडी देत होता आणि कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. आजोबांच्या नाही, दुकानदाराच्या नाही, त्या मुलाच्याही नाही. हे ऐकल्यापासून कुठल्याही बैठकीत दुकानदारांशी बोलताना मी कॉलेजच्या पोरांवर नंतर येते, आधी पुडी आणणाऱ्या नातवावर बोलते.

कायद्याच्या बाजूने यात शंकेला जागाच नाही. कलम कोणासाठी नेतोय हे विचारत नाही, कोणाला विकलं हे विचारतं. आजोबांनी चिठ्ठी दिली, फोन केला, तरी विक्री त्या मुलालाच झाली.

मुलाशी बोलताना एक काळजी घ्या. त्याला लाज वाटेल असं काही बोलू नका, त्याने काही चुकीचं केलेलं नाही. चारचौघांत "तंबाखू मागतोस?" म्हणून खेकसलात तर तो उद्यापासून लांबच्या टपरीवर जाईल. "बाळा, ही वस्तू मी मुलांच्या हातात देत नाही. आजोबांना सांग, दुकानदाराने तुम्हालाच यायला सांगितलंय." एवढंच, हळू आवाजात. त्याला त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी जायची भीती वाटत असेल, म्हणून निरोप तुमच्या नावाने जाऊ द्या. म्हणजे ओरडा बसला तर तुम्हाला बसेल.

मग आजोबांची सोय काय? काही म्हातारी माणसं खरंच चालू शकत नाहीत. घरात दुसरं मोठं माणूस असतंच, सून असेल, मुलगा असेल. कामावरून येताना त्याने न्यावी. अगदीच कोणी नसेल तर संध्याकाळी दुकान बंद करून जाताना तुम्ही स्वतः त्यांच्या हातात देऊ शकता. तुम्ही ती सज्ञान माणसालाच देत असता. माझं काम तंबाखू सोडवण्याचं आहे, त्यामुळे पुडी घरपोच द्या असं लिहिताना मला जड जातं. पण सत्तर वर्षांच्या माणसाची सवय आणि अकरा वर्षांच्या मुलाचा हात, यांत एक निवडायची वेळ आली तर मी आधी मुलाचा हात सोडवीन.

याच्याच जोडीला एक अवघड गोष्ट विचारते. दुपारी तुम्ही जेवायला जाता तेव्हा गल्ल्यावर कोण बसतं? तुमचाच मुलगा किंवा पुतण्या बसत असेल आणि तो अठराच्या आतला असेल, तर त्यानेही तंबाखूच्या मालाला हात लावायचा नाही, विकायचं तर नाहीच. २०११ मध्ये बदललेल्या नियमांत हे स्पष्ट आलं आहे. बाकी दुकान त्याने खुशाल बघावं, पण तंबाखूच्या कपाटाला कुलूप घालून किल्ली तुमच्याकडे ठेवा. त्याच नियमांत असंही आहे की मुलांच्या सहज हाताला लागेल अशा रीतीने हा माल मांडायचा नाही. चॉकलेटच्या बरण्यांशेजारी पुड्यांच्या माळा लटकतात, त्या पहिल्यांदा उतरवा. कंपनीचा माणूस झगमगीत मांडणी फुकट करून देत असेल तर ती कोणाच्या नजरेच्या उंचीवर येते ते पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीला वाकून बघा.

सुट्ट्या सिगारेटचं वेगळं सांगायला हवं. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातली. तरी टपऱ्यांवर काय चालतं ते आपण दोघंही बघतो. पण विचार करा, पंधरा वर्षांच्या मुलाच्या खिशात अख्ख्या पाकिटाचे पैसे नसतात. एका सिगारेटचे असतात. शिवाय पाकिटाच्या ८५ टक्के भागावर जो चित्रासह इशारा असतो, तो सुट्ट्या सिगारेटवर नसतो. वय विचारणं तुम्हाला जड जात असेल तर निदान ही एक गोष्ट उद्यापासून करा, पाकीट फोडायचं नाही. आणि खांबाला जळती सुतळी किंवा लायटर टांगलेला असेल तर काढा. तिच्यामुळेच चार पोरं एका सिगारेटभोवती उभी राहतात.

पैसे एकाने दिले आणि घेणारा दुसरा, असंही होतं. एकोणीस वर्षांचा मित्र पुढे होतो आणि मागे तिघे दहावीतले उभे असतात. कोपऱ्यावर पुढे काय होतं ते तुमच्या हातात नाही, पण तुमच्या डोळ्यांसमोर धाकट्याने पैसे काढून मोठ्याला दिले असतील तर माल देऊ नका. "कोणासाठी चाललंय ते दिसतंय मला" एवढं म्हटलं तरी बहुतेक जण निमूट निघून जातात.

तिसरा प्रश्न. पुढच्या टपरीवर मिळणारच आहे.

याचं प्रामाणिक उत्तर असं की एकट्या दुकानदाराने थांबून गावातली विक्री थांबत नाही. सगळ्यांनी थांबवली तर काय होतं याचं एक जुनं आणि नीट मोजलेलं उदाहरण आहे, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या वुडरिज या छोट्या गावाचं. १९८९ मध्ये तिथे गावाने स्वतःचा नियम केला, सिगारेट विकायला परवाना लागेल आणि अल्पवयीनांना विकलं तर दंड किंवा परवाना स्थगित. ब्रूस टॅलबट नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने ते काम अंगावर घेतलं. नियमाआधी तपासणीत साधारण ७० टक्के दुकानं मुलांना विकत होती. दीडेक वर्षात ते प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं, आणि शाळेतल्या मुलांमध्ये सिगारेट ओढून बघणं आणि नियमित ओढणं, दोन्ही निम्म्याहून जास्त घटलं. १९९१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यात मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: नुसत्या कायद्याने हे झालं नाही. मुलांना विकू नये हा कायदा राज्यात आधीपासून होताच. फरक पडला तो कोणीतरी दर थोड्या महिन्यांनी प्रत्येक दुकानात जाऊन बघत होतं म्हणून, आणि एकही दुकान वगळलं जात नव्हतं म्हणून.

आपल्याकडे असा परवाना असावा असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना सुचवलं होतं. तंबाखू विकणाऱ्या दुकानात गोळ्या, बिस्किटं, चिप्स असा मुलांना खेचणारा माल नसावा, असंही त्यात होतं. माझ्या मते हाच खरा उपाय आहे आणि तो गावोगाव पोचेपर्यंत मी त्याचा पाठपुरावा सोडणार नाही. पण तोवर वाट बघत बसायची गरज नाही. तुमच्या रस्त्यावर तंबाखू विकणारी किती दुकानं आहेत? सहा? आठ? मी एका बाजारपेठेत आठ दुकानदारांना एका संध्याकाळी चहाला एकत्र बसवलं होतं. भाषण केलं नाही. प्रत्येकाला फक्त विचारलं की तुमच्या मुलाला समोरच्या दुकानदाराने पुडी दिली तर चालेल का? आठही जण नाही म्हणाले. मग त्याच बैठकीत ठरलं की एकसारखी पाटी आणि एकच बोलणं, आणि गिऱ्हाईक तुटायची भीती तिथेच संपली, कारण पोरगं कुठेही गेलं तरी उत्तर तेच. दोन दुकानं पुढे ढिली पडली हेही सांगायला हवं. पण सहा टिकली, आणि शाळा सुटायच्या वेळेला त्या रस्त्यावर उभा राहणारा घोळका विरळ झाला. ही बैठक तुम्हीच बोलवा. दुकानदाराने दुकानदाराला सांगितलेलं जेवढं ऐकलं जातं तेवढं माझ्यासारखीने सांगितलेलं ऐकलं जात नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, कागलहून कर्नाटकातली निपाणी फार लांब नाही. कर्नाटकाने २०२५ मध्ये तंबाखू विक्रीचं वय २१ केलं. म्हणजे तिकडच्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला तिथे नकार मिळाला तर तो सीमा ओलांडून इकडे येऊ शकतो. तुम्हाला इथला अठराचाच नियम लागू आहे, त्याला विकणं बेकायदा ठरत नाही. तरी मी तुमच्या जागी असते तर स्वखुशीने एकवीसची रेषा धरली असती. अमेरिकेत सगळ्या देशाने ही रेषा २०१९ मध्ये धरली, पण मॅसॅच्युसेट्समधल्या नीडहॅम गावाने ती २००५ मध्येच धरली होती आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या हायस्कूलमधल्या मुलांचं सिगारेट ओढणं जवळजवळ निम्म्यावर आलं. कारण सोपं आहे. सोळाच्या मुलाचे मित्र अठराचे असतात, एकवीसचे फारसे नसतात.

तोट्याचं म्हणाल तर अंदाज करू नका, मोजा. एक महिना वहीच्या मागच्या पानावर, नकार दिला की एक रेघ ओढा आणि शेजारी किती रुपयांचा माल होता ते लिहा. महिनाअखेर बेरीज करा. ही वही मी ज्यांना ज्यांना ठेवायला लावली, त्यांची भीती आकडा बघून कमी झाली. पुढे कधी तपासणी झाली तर तुम्ही वय विचारता याची खूण म्हणूनही ती दाखवता येते.

कामावरचा माणूस तुमच्यामागे विचारतो का, हेही तपासा. त्यासाठी अल्पवयीन मुलाला पाठवू नका. नात्यातला एखादा वीस-एकवीसचा, पण कोवळा दिसणारा मुलगा पाठवा, ज्याला तुमचा माणूस ओळखत नाही. त्याला कार्ड विचारलं गेलं तर संध्याकाळी माणसाला शाबासकी द्या. विचारलं नाही तर ओरडू नका, पाटीवरची तारीख पुन्हा दाखवा. आठवडी बाजाराच्या दिवशी, गर्दीच्या तासालाच हे करून बघा, कारण चूक तेव्हाच होते.

एखादं पोरगं नकार ऐकून अडून बसेल, गयावया करेल, हात थरथरत असेल. असं मूल दिसलं की समजा की त्याला सवय लागून गेली आहे. त्याला रागावू नका आणि मायेपोटी "आजच्या दिवस घे" असंही म्हणू नका. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६ हा आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तंबाखूच्या पाकिटांवरही तो छापलेला असतो. एका कागदावर लिहून गल्ल्याजवळ ठेवा आणि त्याला द्या. शाळेतल्या एखाद्या विश्वासाच्या बाईंना किंवा सरांना कानावर घाला, पण मुलाचं नाव चौकात होऊ देऊ नका. लहान वयात लागलेली सवय लहान वयातच सोडवायला घेतली तर सुटते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पस्तिशीत, तोंड उघडेनासं झाल्यावर आलेल्या माणसाबरोबर मला फार वेगळी लढाई लढावी लागते.

आता शेजारच्या आजोबांचं. पाटी लावायच्या आणि मुलाला पहिल्यांदा नाही म्हणायच्या आधी तुम्ही त्यांच्या घरी जाऊन या. तुमच्या वडिलांना बरोबर न्या, ते दोघं एका पिढीचे असतील आणि तुमचं बोलणं उद्धट वाटणार नाही. कायदा सांगू नका, दंड सांगू नका. "आबा, पोराला आता पाठवू नका. तुमची पुडी मी बाजूला काढून ठेवतो, सुनबाईंना किंवा दादाला न्यायला सांगा, नाहीतर मी येता-जाता देतो" एवढं म्हणा. ते चिडतील, "आम्ही नाही का लहानपणी आणली" म्हणतील. तेव्हा गप्प बसा. मग त्यांनाच विचारा की त्यांनी स्वतः पहिल्यांदा तोंडात टाकली तेव्हा ते कितवीत होते.